उशिरा पडलेलं झाकण

त्याने स्वतःच्याच कानाखाली सणसणीत ठेवून दिली तेव्हा काचेपलीकडची दोन्ही माणसं खुर्चीतून उठली. गेला तासभर दिग्दर्शकाचं एकच पालुपद चाललं होतं, “काका, थप्पड वाजतेय, पण लागत नाहीये.” त्याने ओलं चामडं टेबलावर आपटून पाहिलं. सोललेल्या कोंबडीवर तळहात मारला. मांडीवर मारली, दंडावर मारली, उशीला चामडं गुंडाळून तिच्यावर मारली. दर वेळी दिग्दर्शक अतिशय नम्रपणे मान हलवायचा, आणि तो नम्रपणाच डोक्यात जायचा. तिशीतला पोरगा, दाढी नीट कातरलेली, आवाज कधी चढत नाही. शेवटी या म्हाताऱ्याचं टाळकं सटकलं. माईकजवळ गाल नेला आणि हात जराही न राखता मारली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. “काका, अहो!” रेकॉर्डिस्ट बाई स्पीकरवरून ओरडल्या. त्या वीस-बावीस वर्षं त्याच्याबरोबर काम करत होत्या आणि आजवर कधी ओरडल्या नव्हत्या. “आला का?” त्याने विचारलं. “आला. पण बारीक आलाय हो. पुस्तक पडल्यासारखा.” त्याने हेडफोन लावून ऐकला. टप्. एवढंच. एखादं पातळ पुस्तक फरशीवर आडवं पडावं तसं. गाल पेटला होता, कान गुणगुणत होता, आणि टेपवर हे एवढंसं काहीतरी. “पुन्हा लावा,” तो म्हणाला. टप्. हा आवाज ओळखीचा होता. फार जुना नव्हे, आत्ताआत्ताचा, घरगुती, जवळपास चहाचा वास असलेला. कुठे ऐकला ते मात्र काही केल्या आठवेना.

कानाखाली आवाज काढीन अशी धमकी लोक नुसती देतात. याचा तो पोटापाण्याचा धंदा होता. स्टुडिओत त्याला सगळे दणकेकाका म्हणत. पडद्यावर जे जे मोडतं, फुटतं, फाटतं, ते या बिनखिडक्यांच्या खोलीत त्याच्या हातून मोडत, फुटत, फाटत असे. कोबीच्या गड्ड्यात सुरी घातली की कुणाच्या तरी पोटात सुरा जाई. ओल्या फडक्यात गाजरं गुंडाळून पिळली की बोटं मोडत. कलिंगड आपटलं की कवटी; अशा कितीतरी कवट्या त्याने संध्याकाळी घरी नेऊन, बिया काढून, गोड लागल्या म्हणून तारीफ करत खाल्ल्या होत्या. तो स्वभावाने गरीब माणूस. उभ्या आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. पण माईकसमोर उभा राहिला की अंगात काहीतरी संचारायचं, आणि ते त्याला आवडायचं, हे तो मनातल्या मनात कबूल करी. खऱ्या मारात काही दम नसतो, हा त्याचा लाडका सिद्धांत. खरं हाड नुसतं कट् करतं, खरी थप्पड फुसकी निघते. लोकांना लागते ती आपणच बनवावी लागते. नवशिक्यांना तो हे इतक्या ऐटीत सांगायचा, की जणू निम्म्या शहराला बदडून त्याने ही माहिती गोळा केली असावी.

आणि दुसरी एक खोड त्याच्या कानाला जडली होती. चित्र आणि आवाज यांची सांगड बिघडली, पाय टेकला आणि पावलाचा आवाज मागून आला, की त्याचं मन तो आवाज उचलून बरोबर जागी नेऊन ठेवायचं. दिवसभर हेच काम, मग संध्याकाळी ते थांबणार कसं? लांबच्या गच्चीवर कुणी गालिचा झोडपत असलं तर काठी खाली आल्यावर मग धप् ऐकू येतं. तो चालता चालता तेवढं धप् मागे सरकवायचा आणि पुढे जायचा. एखाद्याने रस्त्यातला दगड पायाने बाजूला सारावा तसं. सारला हेही नंतर त्याच्या लक्षात राहत नसे.

आजचा तुकडा जेमतेम दीड-दोन मिनिटांचा, आणि मुका. चित्रीकरण चालू असताना शेजारी रस्त्याचं काम निघालं होतं, त्यामुळे मूळ आवाज सगळा फेकून द्यावा लागला होता. पडद्यावर एक लहान स्वयंपाकघर. बाई ओट्याशी उभी. पुरुष येतो, काहीतरी बोलतो, ती वळते, तो थोबाडीत मारतो. ती ओट्यावर आदळते, पातेल्यावरचं झाकण खाली पडतं. तो तिचा दंड धरून फरफटत तिला कोपऱ्यात नेतो, मग शर्ट नीट करून निघून जातो. ती तशीच उभी राहते. काल संध्याकाळी तिघांनी बसून सगळं ठरवलं होतं. आधी पावलं, मग कपडे, मग वस्तू, नेहमीचा क्रम. सकाळी त्याने जाड टाचेचे बूट घालून पुरुषाची पावलं केली, टाचेच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन, म्हणजे माणूस वजनदार वाटतो. मग बूट काढून, बायकी सपाता अडकवून तिची केली. मागे मागे जाणारी पावलं फार अवघड. माणूस मागे जातो तेव्हा टाच आधी टेकत नाही, बोटं चाचपडत येतात, सपाता पायातून निसटू पाहते. साठीला आलेला हा माणूस काळ्या खोलीत, डोळे पडद्यावर खिळवून, मागे मागे जात होता, आणि समोरून एक बिनआवाजी पुरुष त्याच्या अंगावर येत होता. पाठ भिंतीला टेकली तेव्हा तो खरोखर दचकला. रेकॉर्डिस्ट बाई हसल्या होत्या. मग कपड्यांची पाळी. दंड धरल्यावर बाही आवळली जाते तो चुरगळण्याचा आवाज त्याने स्वतःचीच बाही मुठीत धरून केला. एकदा करून भागलं नाही, पुन्हा केला, आणखी जोरात केला. नंतर पाहिलं तर दंडावर बोटांचे वळ.

हे वळ आता लपवायचे कसे, असं त्याने लेकीला गमतीने विचारलं असतं, ती जवळ असती तर, आणि ती हसली असती. छकू याच खोलीत वाढली होती. आई लवकर गेली, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून शाळेतून ती सरळ इथे यायची, दप्तर त्या कोपऱ्यात टाकायची आणि मांडी घालून बापाचं आपटणं-झोडपणं बघत बसायची. लोक म्हणत, पोरीच्या मनावर काय परिणाम होईल. काही झाला नाही. तिला लहानपणीच कळलं होतं की रक्त म्हणजे शिजलेल्या पिठाची खळ आणि मरणं म्हणजे गादीवर उडी. सिनेमातल्या सगळ्या लहान मुलांची पावलं तिचीच. झाकण पाडायलाही त्यानेच शिकवलं होतं. झाकण आपण होऊन पडलं तर खण् करून, एकदोनदा उडून आडवं होतं, सहसा फिरत नाही. ते गरगरत राहायला हवं असेल तर कडेवर उभं धरून दोन बोटांनी फिरकी द्यायची आणि सोडायचं. मग ते आधी आळसावून फिरतं, मग घाईघाईने, मग आणखी घाईने, आणि एकदम गप्प. छकूला ते पहिल्या झटक्यात जमलं होतं. तिच्या बोटांत ती कलाच होती. दोघांचा एक खेळ होता. घरी तो पेपर वाचत बसला की ती आतून आवाज करायची: दार लागल्याचा, पेला कलंडल्याचा, कुणी आल्याचा. त्यात मुद्दाम एक खोट ठेवायची. पाऊल उशिरा टाकायची, नाहीतर पेला दोनदा पाडायची. त्याने बाहेरून ओरडायचं, “पकडलं!” मग आतून तिचं खिदळणं. लग्न होऊन सासरी गेली तोपर्यंत तिला एकदाही त्याच्या कानाला चकवता आलं नव्हतं. खरं तर तिला चकवायचं नसायचंच. पकडलं जाण्यातच तिला मजा वाटायची.

“काका, बरं वाटतंय ना? झाकण करून घेऊ या?” दिग्दर्शक म्हणाला. “थप्पड उद्या बघू.” त्याने फरशीचा चौकोन माईकखाली ओढला, ओट्याच्या उंचीवरून झाकण सोडलं. खण्, आणि आडवं. “अजून थोडं राहायला हवं,” दिग्दर्शक म्हणाला. “म्हणजे ती नुसती उभी आहे आणि झाकणच काय ते बोलतंय, असं.” “असं पडलेलं झाकण फिरत नाही,” तो म्हणाला. “माहीत आहे हो, पण आपल्याला हवंय ना?” हवंय तर हवंय. त्याने गुडघे टेकले, झाकण कडेवर उभं धरलं, पडद्यावर नजर ठेवली. पुरुषाचा हात आला, गाल फिरला. आणि गालाची आग अजून गेली नव्हती म्हणून असेल, की बोटं आखडली म्हणून असेल, त्याच्या हातून झाकण वेळेवर सुटलंच नाही. एक श्वास तसाच गेला. मग सुटलं. आळसावून, मग घाईने, मग आणखी घाईने, आणि गप्प. “छान आलं! फक्त उशीर झाला,” स्पीकरवरून बाई म्हणाल्या. “सरकवून घेते मी.” तो गुडघ्यांवरच राहिला. टप्. मग एक श्वास. मग फिरकी दिलेलं झाकण. आता त्याला आठवलं.

परवाचा रविवार. लेकीच्या घरी बाहेरच्या खोलीत तो पेपर घेऊन बसला होता. जावई फार आदबशीर. जोडे नीट लावून ठेवणारा, सासऱ्यासाठी पंख्याखालची खुर्ची सोडणारा, “बाबा, साखर किती?” असं दर वेळी नव्याने विचारणारा. चहाला उशीर झाला म्हणून “मी बघतो” म्हणत आत गेला. आतून कुजबुज, मग टप्. पुस्तक पडल्यासारखं. स्वयंपाकघरात कसलं आलंय पुस्तक? पण हा प्रश्न पडायच्या आतच झाकणाचं गरगरणं आलं आणि छकूचा आवाज, “काही नाही बाबा, झाकण पडलं!” आणि त्याने काय केलं होतं? झाकण पडलं ते आवाजाच्या मागून पडलं, एवढं त्याच्या कानाने तिथल्या तिथे टिपलं होतं. टिपलं आणि रोजच्या सवयीने मागे सरकवून टप्च्या जागी नेऊन बसवलं. दोन आवाजांचा एक करून टाकला. वर मोठ्याने ओरडला होता, “पकडलं! उशिरा पडलं गं झाकण!” आणि मनापासून हसला होता. जावई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला, तोही हसत होता. म्हणाला, “बाबा, तुमच्या कानातून काही सुटत नाही.” चहा चांगला झाला होता. त्याने दोन कप घेतले.

“बाई, आज पुरे,” तो म्हणाला. दिग्दर्शक काहीतरी विचारत होता, त्याने ऐकलं नाही. सपाता काढून चपला घालायचंही लक्षात राहिलं नाही. रस्त्यावर आल्यावर पायात बायकी सपाता फटफट वाजू लागल्या तेव्हा कळलं. परत फिरला नाही. ऊन डोक्यावर होतं, गाड्या हॉर्न देत होत्या, आणि तो रस्ताभर जावयाला मारत होता. आधी बोटं, एकेक करून. मग हात मागे पिरगळून खांदा. मग केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर. इतका राग त्याला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तरी किळस अशी की त्या रागालाही त्याच्या कपाटातलंच सामान पुरत होतं: बोटं मोडली तर गाजरं, खांदा निखळला तर ओला दोर, डोकं फुटलं तर कलिंगड. खऱ्या माणसाचं डोकं फुटताना कसं वाजतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या मुलीच्या गालावर हात पडताना कसं वाजतं हे ठाऊक होतं आणि ते ऐकून तो हसला होता. आणि असे किती रविवार? त्याआधी एकदा चमचा खाली पडला होता. एकदा बाथरूमची बादली. फोनवर मागे भांड्यांचे आवाज असत. संसाराचा गोड गलबला म्हणून तो ते कौतुकाने ऐकत असे. बापाकडूनच शिकलेली विद्या वापरून पोर बापापासूनच सगळं झाकत होती, असं त्याला वाटलं, आणि भर रस्त्यात रडू फुटलं. चालायचं मात्र तो थांबला नाही.

दार जावयानेच उघडलं. “अरे, बाबा! आज मध्येच? या, या.” नजर क्षणभर सपातांवर गेली, मग लगेच आदबीने वर आली. “आज सुट्टी घेतली मी, जरा डोकं दुखत होतं. बसा ना, पंखा लावतो.” तो बसला नाही. “पाणी पितो,” म्हणाला आणि सरळ आत गेला. या घराच्या स्वयंपाकघरात त्याने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. छकू ओट्याशी उभी होती. तिने मान वळवली, त्याला पाहिलं, आणि आधी नळ सोडला. धो धो पाणी. मग ती जवळ आली. डाव्या गालाचं हाड पिवळट निळं झालं होतं. तिने केस पुढे ओढून ठेवले होते, ते आता मागे केले. तिला काही लपवायचं नव्हतं हे त्याला तेव्हा कळायला हवं होतं.

“छकू,” तो म्हणाला. “झाकण... तू पाडलंस ते. माझ्यापासून का लपवलंस?”

“लपवलं?” ती पाण्याच्या आवाजाखालून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. “लपवायचं असतं तर वेळेवर नसतं का पाडलं? मला येत नाही का वेळेवर पाडता?”

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं.

“मुद्दाम उशिरा सोडलं, बाबा. खेळातल्यासारखं. फोन करायचा तर तो स्पीकर लावायला लावतो. तू आलास की खोलीतून हलत नाही. बोलणार कसं? मग म्हटलं, याला नुसतं झाकण ऐकू येईल, पण तुला चूक ऐकू येईल. चमचासुद्धा दोनदा पाडला होता मी. बादलीसुद्धा.”

“काय चाललंय आत?” बाहेरून जावयाचा आवाज आला, हसरा, चौकशीचा. छकूचा हात आपोआप ओट्यावरच्या झाकणाकडे गेला. त्याने तो हात धरला, झाकण काढून घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. मग नळ बंद केला. घरात इतकी शांतता झाली की ती ऐकून बाहेरची खुर्ची सरकली. पावलं आली. टाचेच्या बाहेरच्या कडेवर भार देणारी, वजनदार. सकाळी त्याने स्वतः केलेली पावलं. छकू मागे सरकू लागली, टाच न टेकवता, बोटांनी चाचपडत. तो तिच्या पुढे येऊन उभा राहिला.

“ती माझ्याबरोबर येतेय,” तो म्हणाला.

“बाबा, तुम्ही बसा. आमचं आम्ही बघू.” जावई अजून हसत होता. हात लांब करून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावरून छकूचा दंड पकडला. बाही चुरगळली. तो आवाज ऐकताच याने आयुष्यात पहिल्यांदा माणसावर हात उचलला. पण तो म्हातारा हात. धड पोहोचला नाही, शर्टाच्या कॉलरवर घसरला, एक बटण तुटून टिचकन उडालं. जावयाचा हात पोहोचला.

टप्.

बाहेरून तो तेवढाच वाजला असेल, पुस्तक पडल्यासारखा. आतून तो तसा नव्हता. आतून तो कवटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, दात एकमेकांवर आपटले, तोंडात रक्ताची चव आली, आणि कानात काहीतरी फाटून सगळं जग एका बाजूने बंद झालं. स्वतःच्या हाताने मारून घेतलेली यापुढे काहीच नव्हती. ओट्याला धरून तो उभा राहिला. या वेळी तो आवाज झाकायला काही नव्हतं. मग छकू ओरडली. तोंड एवढं मोठं उघडून ओरडली, आणि त्याच्या एकाच कानाला ते ऐकू आलं. तो काही केलेला आवाज नव्हता, त्यात खोट नव्हती. समोरच्या घराचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी, “काय झालं हो?” म्हणत उतरू लागलं. जावयाने कॉलर सारखी केली. तोंडावर पुन्हा हसू आणायला गेला, पण दारात शेजारीण उभी होती, आणि ती त्याच्याकडे पाहत नव्हती, म्हाताऱ्याच्या ओठांवरच्या रक्ताकडे पाहत होती. तेवढ्यात छकूने बापाचा हात धरला आणि त्या बाईच्या शेजारून दोघं बाहेर पडली. तिने पर्ससुद्धा घेतली नाही.

जिन्यावर तिचे पाय अनवाणी होते, त्याच्या पायांत बायकी सपाता. मधल्या वळणावर त्याला भोवळ आली तशी ती थांबली. त्याने सपाता काढून तिच्या पुढे सरकवल्या, तिने त्या घातल्या. कठड्याला धरून तो म्हणाला, “पोरी, मला कळलंच नाही गं.”

ती त्याच्या ऐकू येणाऱ्या बाजूला आली. तिला ती कशी कळली कोण जाणे. “कळलं होतं तुला, बाबा,” ती हळूच म्हणाली. “तू ओरडलास ना, पकडलं म्हणून. मी गॅस बंद केला. वाटलं, आता तू आत येशील.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तू हसलास.”

खाली रस्त्यावर उन्हात गाड्या चालल्या होत्या. त्याने तिचा हात धरला आणि ती दोघं उरलेल्या पायऱ्या उतरू लागली.